सिबिल लागू नये म्हणून

शेतावरून, नळदुर्ग
दि. २ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिवप्रियास अज्जाचे अनेक आशीर्वाद.

तुझं आणि उत्कर्षरावांचं बरं चाललं असेल असं धरून लिहितो. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, आणि फोन असतो तुझ्या अज्जीजवळ. ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको म्हणून पत्र.

मी सध्या घरी राहत नाही. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत आहे. घाबरू नकोस, भांडण झालेलं नाही. अज्जी धाब्यांना शेंगाची चटणी देते ते तुला ठाऊक आहेच. मुसळ उचलून तिचा उजवा खांदा पार गेला आहे. वेणी घालताना हात वर जात नाही. म्हणून तिनं कांडप मशीनसाठी बँकेत कर्ज मागितलं आहे. पौषातल्या खंडोबाच्या यात्रेला धाब्यांची मागणी दुप्पट होते, त्याआधी मशीन यावं अशी तिची इच्छा.

अडचण माझी आहे. भाचा म्हणून श्रीशैलच्या टेम्पोला मी जामीन राहिलो, तो हप्ते सोडून हैदराबादेकडं निघून गेला आणि माझं सिबिल बिघडलं. कर्जफेडीबद्दल बँका माणसाला जे मार्क देतात ते सिबिल, एवढं मला कळलं आहे. स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरणारा सांगत होता की नवराबायको एका घरात राहिले की एकाचं सिबिल दुसऱ्याला लागतं. मला ते पटलं. आमच्या वेळी सोसायटी एका चुलीला एकच खातं धरायची. एका भावानं थकवलं की दुसऱ्याला खत बंद. चूल वेगळी केली की पुन्हा चालू. म्हणून मीही चूल वेगळी केली. अज्जीला सांगितलं, ज्वारीत रानडुकरं शिरतात, राखणीला जातो. तिनं एक वाकळ काढून दिली.

आता मला विचारायचं ते असं. घर सोडल्यावर सिबिल किती दिवसांनी सुटतं? रेशनकार्डही वेगळं करावं लागेल का? माझी एक चप्पल जोडी अजून दारात आहे, ती चालेल का? शिवाय दुसऱ्याच दिवसापासून दूधवाल्याबरोबर घरून डबा येतो आहे. तिच्या चुलीवरचं खाल्लं तर चूल वेगळी धरतात का? परत पाठवायचा धीर होत नाही, म्हणून खातो. इथं गार वारं पत्र्याखालून येतं आणि कंबर धरते. पण ते होईल.

उत्तर शेजारच्या मुनवरच्या पंक्चरच्या दुकानावर पाठव. अज्जावर माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा अज्जा,
वीरप्पा

पुणे
दि. ९ डिसेंबर २०२५

ती. अज्जांना शिवप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग उत्कर्षला वाचून दाखवलं, मग हसू गेलं. अज्जा, सिबिल म्हणजे खोकला नाही. ते घराला नसतं, चुलीला नसतं, आडनावालाही नसतं. ज्याचं त्याचं असतं. दोघांनी मिळून कर्ज घेतलं किंवा एक दुसऱ्याला जामीन राहिला, तरच त्या कर्जापुरते दोघं बांधले जातात. तुमचं बिघडलं ते श्रीशैलकाका तुमच्या घरात राहत होते म्हणून नाही, तुम्ही सही केली म्हणून. उत्कर्षनं क्रेडिट कार्ड थकवून स्वतःचं सिबिल लोळवलं आहे. माझं जागचं हललं नाही, आणि आमचा गॅस एकच आहे. चपला तर त्याच्या सगळ्या घरभर असतात.

आता जे सांगते त्यावर रागावू नका. अज्जीचा फोन आला होता. बँकेचा माणूस चौकशीला घरी येऊन गेला. असलं लहान कर्ज देताना मार्कांशिवाय घराचं मिळून उत्पन्न किती तेही बघतात. त्यानं घरात किती माणसं म्हणून विचारलं, तर अज्जीनं एकटी असं सांगितलं. शेजारच्या सायराबीनंही मान हलवली. त्यामुळं मुनवरकाकांकडून तुम्हाला येणारं दुकानाचं भाडं त्यानं धरलंच नाही, आणि कागद बाजूला ठेवला. तुम्ही घरी असतात तर अडचण नव्हती.

अज्जी फोनवर रडली नाही. पण माझं काय चुकलं असं तिनं मला विचारलं. तुमचं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा.

तुमच्या रागालोभाची दोन्हीची हक्कदार,
शिवप्रिया

शेतावरून, नळदुर्ग
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिवप्रियास आशीर्वाद.

पत्र मुनवरनं आणून दिलं. दोनदा वाचलं. म्हणजे मी जे तिच्यासाठी केलं, त्यानंच तिचं अडलं. आता थकवा आला आहे. माणसानं या वयात कशाकशाची काळजी करावी ते कळत नाही, आणि केली तर ती उलटी बसते.

घरी जायचं म्हणतो पण पाय उचलत नाही. काय सांगत जाऊ? डुकरं गेली म्हणू? डुकरं आलीच नव्हती. गावात बोलणं झालं आहे. परवा पारावर एकानं विचारलं, म्हातारपणी सोडचिठ्ठी का. मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी हो म्हणालो. आता तेही तिच्यापर्यंत गेलं असेल.

समोर बोलताना तिचं मला ऐकू येत नाही आणि माझं मला सुचत नाही. म्हणून तुझं पत्रच रिकाम्या डब्यात घालून घरी पाठवलं आहे. चूक केली असेन तर सांभाळून घे.
अज्जा

नळदुर्ग
१६ डिसेंबर

शिवूच्या अज्जास इरम्माचा नमस्कार.

पोरीचं पत्र डब्यात मिळालं. तेल लागलं होतं, तरी वाचलं. तिसरीपर्यंतच शिकले, पण एवढं वाचता येतं.

मी त्या माणसाला एकटी सांगितलं, कारण एकटीच होते. कागदावर खोटं सांगायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं. डुकरांचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आपल्या रानात डुक्कर शिरलं असतं तर तुमी मला हाक मारली असती, एकटे गेला नसता.

मला वाटलं, खांदा गेलेली बायको तुमाला नको झाली. एवढं एकच वाटलं, दुसरं काही न्हाई. सोडचिठ्ठीचंही ऐकलं. तुमच्या कानांचं मला ठाऊक आहे म्हणून धरलं न्हाई.

तुमची तपकीर, तुमचा घोर, तुमच्या भाच्याचा टेम्पो, सगळं मला लागून झालं. आता मार्क लागायचे तेवढे राहिले होते व्हय?

शुक्रवारी तो माणूस परत येणार आहे, पोरीनं फोन करून बोलावलं. तुमी गुरुवारीच या. वाकळ झटकून आणा, तिच्यात पिसवा असतील. डब्याचं झाकण तिकडंच राहिलं आहे.
इरम्मा

नळदुर्ग, घरून
दि. २१ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिवप्रियास अज्जाचे अनेक आशीर्वाद.

घरी आलो. अज्जीनं अंगणात वाकळ उन्हात टाकली आणि मला आंघोळीला पाणी काढलं. झाकण विसरलोच होतो, त्यावरून बोलली ते दिसलं.

कर्जाचं अजून नक्की नाही. यात्रेआधी मशीन येईल असं वाटत नाही. म्हणून सध्या मुसळ मी धरतो आणि ती उखळीत शेंगदाणे सारते. मला जमत नाही. चटणी जाडीभरडी होते, धाबेवाले कुरकुरतात. माझे तळवे सोलले आहेत, पण तिचा हात थोडाथोडा वेणीकडं जायला लागला आहे.

बँकेचा माणूस शुक्रवारी आला होता. मी खाटेवर बसून होतो. त्यानं वहीत बघत काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, आणि उलटंसुलटं हो म्हणून बसेन या भीतीनं मी गप्प राहिलो. अज्जी चुलीपुढं बसली होती. तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. माझ्याकडं वळली आणि मला दिसतील अशी दोन बोटं वर केली. त्याच हातानं, उजव्या.

उत्कर्षरावांना आशीर्वाद. त्यांना चपला जागेवर ठेवायला सांग. तुम्हा दोघांची आठवण आम्हा दोघांना असते, तशीच तिकडंही असू द्या.
तुझा अज्जा,
वीरप्पा