भाचीचे दात मामाला जड

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.
नव्या वर्षाचा संकल्प काल करायचा राहिला, कारण वही सापडत नव्हती. आज करतो. यंदा माझ्या ज्ञानाचा समाजाला उपयोग. सुरुवात घरापासून.

धाकटी बहीण महेश्वरी गंगाखेडहून बोरन्हाणासाठी माहेरी आली आहे. सोबत तिची लेक राणी. वय आठ महिने, दात शून्य. नुसती लाळ आणि रडारड. काल आप्पांच्या चष्म्याची काडी चघळून वाकडी केली. घरात बालपोषण सल्लागार असताना ही अवस्था! कोर्स ऑनलाइन, सात दिवसांचा. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आमच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्यांवर लावलंय. बोरन्हाण अठरा तारखेला. तोपर्यंत नैसर्गिक उपायांनी दात आणून दाखवतो.

सकाळी १०.
मालनबाई राणीला न्हाऊ घालायला आल्या. त्यांनी मानवतची अर्धी पोरं न्हाऊ घातली आहेत, त्यामुळे त्यांना सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. राणीच्या हिरडीवरून बोट फिरवून म्हणाल्या, वरल्या अंगाला टणक लागायलंय. वरचे दात आदी आले तर मामाला जड असतंय माय.

महेश्वरीने माझ्याकडे बघितलं. मी हसलो. मोठ्याने हसलो. एकविसाव्या शतकात कसले वरचे आणि कसले खालचे!

राणीला मामा मी एकटाच आहे.

दुपारी ४.
निव्वळ शास्त्रीय दृष्टीने विचार केला. खालचेच दात आधी आलेले बरे. घर बांधताना आपण आधी स्लॅब टाकतो का? यात बाकी कशाचा संबंध नाही.

३ जानेवारी, शनिवार.
योजना तयार. कॅल्शियम जड असतं, म्हणजे ते खाली बसणार. राणीला जेवल्यावर अर्धा तास सरळ बसवायचं, की सगळं खालच्या हिरडीत उतरेल. पाळण्यावर टांगलेल्या लाकडी चिमण्या काढल्या. सारखं वर बघून दातांना वरची ओढ लागते. चिमण्या जमिनीवर ओळीने मांडल्या.

महेश्वरीने त्या परत टांगल्या. दादा, तू दुकानात जा की जरा, म्हणाली. आजच्या पिढीत पेशन्स नाही.

५ जानेवारी, सोमवार.
सत्त्व तयार केलं. कोर्समध्ये नाचणी सांगितली होती, पण आमच्या दुकानात ज्वारी आहे. ती भिजवली, मोड आणले, गच्चीवर वाळवली. निम्मी पाखरांनी खाल्ली. उरलेली दळून शिजवली. राणीने एक चमचा घेतला आणि माझ्या शर्टावर फुर्र करून उडवला. पातेलंभर सत्त्व वाया जाऊ नये म्हणून मी खाल्लं. चव उत्तम, पोटाला जड.

त्यानंतर राणीने आईच्या हातचा कालवलेला वरणभात वाटीभर खाल्ला. भूक माझ्या सत्त्वाने उघडली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार.
हिरडीला मध चोळणार, तेवढ्यात महेश्वरीने माझा हात धरला. डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलंय, वर्षाच्या आत मध न्हाई म्हणजे न्हाई. मग गाजराचा तुकडा दिला, तोही काढून घेतला, घशात अडकला तर म्हणून. डॉक्टरीणबाईंचा उपाय काय, तर स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून चघळायला द्यायचं, आणि हात धुऊन बोटाने हिरडी चोळायची. बास. याला काय उपाय म्हणायचं? यात ज्ञान कुठे आहे?

मधाची बाटली उघडलीच होती. मला घशासाठी चांगला.

८ जानेवारी, गुरुवार.
मोटारसायकल वापरणं बंद केलं. पेट्रोलमुळे हवा खराब होते. दुकानात हेल्मेट घालून बसतो, कारण वर तेलाचे डबे आहेत आणि सुरक्षिततेला पर्याय नाही. गिऱ्हाईक विचारतात. मी सर्टिफिकेटकडे बोट दाखवतो.

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ८.
टॉर्च लावून तपासणी. खालची हिरडी लाल, थोडी सुजलेली. योजना लागू पडतेय. वरची हिरडी बघितली नाही. गरज वाटली नाही.

१२ जानेवारी, सोमवार.
महेश्वरीत कमालीचा बदल. उलट बोलणं बंद. आज टॉर्च घेऊन तीनदा गेलो. एकदा राणी झोपलेली, एकदा दूध पीत होती, एकदा पदराखाली. म्हणजे खाणं-झोपणं वेळेवर सुरू झालं. ही माझी शिस्त. गारवा फार म्हणून महेश्वरीने तिला नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळलाय. हेही मीच सांगितलं असणार.

आईने सोमवारच्या जोडीला गुरुवारचाही उपवास धरला. वजनाबद्दल मी वर्षभर सांगत होतो, अखेर पटलं.

मालनबाईंनी आज थांबून विचारलं, तब्येत बरी हाय ना बाबा? जपून ऱ्हा. डोळ्यांत पाणी होतं. ज्या बाई माझ्या कोर्सला नाकं मुरडायच्या, त्या! समोरच्या हॉटेलवाल्या गोपाळने आग्रह करून चहा पाजला आणि पाठीवरून हात फिरवला. लय चांगला माणूस हायेस रे तू, म्हणाला. कामाची बातमी गल्लीभर पसरलीय.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
आप्पा माझ्याशी वर्षातून तीन-चार वाक्यं बोलतात, तीही साखरेचं पोतं कुठे ठेवलं या विषयावर. आज तिळगूळ देताना म्हणाले, शिवप्रकाश, जे खावं वाटतंय ते खात जा बाबा. दुकानात मी बसतो, तू पडून ऱ्हा. मुलगा काहीतरी करून दाखवतोय हे बापाला उशिरा का होईना कळतं. गहिवरून आलं. सहा पोळ्या खाल्ल्या.

व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकलं: अठराला बोरन्हाणात राणीचे खालचे दात. शंभर टक्के नैसर्गिक पद्धत. सल्ल्यासाठी भेटा. अकरा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार.
सराफाकडून चांदीची वाटी आणली. त्याने विचारलं, भाचीचे वरचे आले की काय? तसे आले की मामा चांदीची वाटी देतो म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे हौस म्हणून देतात. आणून ठेवायला काय हरकत आहे?

राणीचं तोंड बघून पाच दिवस झाले. खालचे आलेच असणार.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी २.
आज तो दिवस. भाषण पाठ केलंय, चार मिनिटांचं. हेल्मेट काढून भांग पाडला.

सायंकाळी ७.
बोरन्हाण झालं.

राणीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं होतं. स्कार्फ होताच. गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. आईने डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे ओतले. एक बोर राणीच्या नाकावर पडलं. तिला ते फार आवडलं. तिने दोन्ही हातांनी स्कार्फ ओढून काढला आणि खदाखदा हसली.

वर दोन दात. पांढरेशुभ्र. खाली काही नाही.

बोरन्हाणात सगळे बाळाकडे बघतात. आज सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मालनबाई हळूच म्हणाल्या, झाकायचं होतं की गं पोरी. आणि महेश्वरी रडायला लागली. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.

मग कळलं. दात अकरा तारखेलाच दिसले होते. खालचे येईपर्यंत वरचे मामाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत, असं मालनबाईंनी सांगितलेलं. म्हणून पदर. म्हणून स्कार्फ. आईचे गुरुवार माझ्यासाठी होते. आप्पांना माहीत होतं, गोपाळला माहीत होतं. अख्ख्या गल्लीने आठवडाभर मला शेवटचं बघितल्यासारखं बघितलं आणि मी सगळ्यांना आहाराच्या टिपा देत फिरलो.

महेश्वरी म्हणाली, मला बी ठाव हाय रे दादा, ह्यात काई नसतंय. पण तुला काई झालं तर मी माहेरी कुणाकडं येऊ?

भाषण केलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
मला काहीही झालेलं नाही. नाडी दोनदा मोजली.

शास्त्रीय दृष्टीने बघितलं तर हे यशच आहे. दात आणतो म्हटलं होतं, आणले. कॅल्शियम खालच्या बाजूला जरा जास्त झालं, त्यामुळे ते वर चढलं. पुढच्या वेळी प्रमाण कमी करावं लागेल.

मी घाबरलो होतो. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला वाटत होतं, या घरात एकटा मीच घाबरलोय. तिकडे ती पोरगी रोज राणीचं तोंड झाकत होती आणि माझ्याशी हसून बोलत होती. लहानपणी तिच्या वाटणीचा खाऊ मी खायचो, तेव्हाही ती आईला सांगायची नाही. सकाळी तिला म्हटलं, अगं येडे, सगळी अंधश्रद्धा आहे. ती हो म्हणाली. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं चुरमुरे वेचत बसलो.

दुपारी ३.
दाजींचा फोन आला, उद्या महेश्वरीला न्यायला येतो म्हणून. तिने नको सांगितलं. खालचे दात येईपर्यंत ती इथून हलणार नाही. मला काम सांगायचं नाही, बाहेर पाठवायचं नाही, असं घरात ठरलंय. माझं मत कुणी विचारलं नाही.

दुपारी आईने राणीसाठी वरणभात कालवला, त्यातलाच मला दिला. राणीने वाटीभर खाल्ला, मी तीन वाट्या. आता आम्हा दोघांना एकाच सतरंजीवर बसवून सगळ्या कामाला लागल्या आहेत. मला आणि राणीला, दोघांनाही पायरीकडे जायची बंदी आहे.

राणी दोनदा जाऊन आली.