चीक म्हणजे गहू नव्हे

३ एप्रिल
रितिकाची बायोप्सी आली. सीलिअ‍ॅक. नात नऊ वर्षांची. टाइप वन डायबिटीस, दोन वर्षांपासून इन्सुलिन. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांमध्ये हेही बरेचदा निघतं. शरीराची फौज आधी इन्सुलिनच्या पेशींवर उलटली, आता गहू पोटात गेला की आतड्यावर उलटते. गहू कायमचा बंद, कणभरसुद्धा नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये बायॉलॉजीत पहिली यायचे. सगळं समजलं. सुनेला, अंजूला, सांगून टाकलं: किचन माझ्याकडे.

९ एप्रिल
कणीक, रवा, शेवया स्वयंपाकाच्या रंभाबाईला दिल्या. स्वतः भाकरी थापली. नकाशा झाला. रितिका पोट धरून हसली.

२ मे
गच्चीवर कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून घेतला. चोथा गाईला. गहू गेला तो चोथ्यात. उरला पांढराशुभ्र चीक. उमरेडला आई गरम चिकाची पहिली वाटी मला द्यायची, साखर-तूप घालून. रितिकालाही दिली. रंभाबाई म्हणाली, काकू, चीक काय ज्वारीचा निघते? पोरीले काहून देऊन राहिल्या? तिला काय सांगणार. चौथी पास.

१९ जून
शाळेत रितिकाची शुगर ५२ पर्यंत उतरली. डोस तोच, डबा तोच. मीटर बिघडलं असणार. फार दमलेली दिसली म्हणून दोन कुरडया तळून दिल्या. आमचं गुपित. अंजूला तेलकट चालत नाही.

७ ऑगस्ट
आज ४४. रितिकाचे हात थरथरत होते, नाव विचारलं तर सांगता येईना. नवं मीटरही तसलंच. दाराच्या चौकटीवर उंची मोजली. जूनच्याच खुणेवर. पेन्सिल बोथट असेल.

८ ऑगस्ट
कुरडया रोज नाही, एकाआड एक दिवस. ठरलं.

११ ऑगस्ट
आज कुरडईचा दिवस नव्हता, पण ती रडत होती.

४ ऑक्टोबर, दुपार
रक्ताची तपासणी परत झाली. सीलिअ‍ॅकचा आकडा उतरायला हवा होता, चढलाय. आतडं तसंच राहिलं तर खाल्लेलं अंगाला लागत नाही आणि इन्सुलिन मात्र आपलं काम करतं, म्हणून शुगर अशी कोसळते, डॉक्टर म्हणाले. कधीतरी झोपेतच कोसळेल. अंजू रडायला लागली, माझंच कुठेतरी चुकतंय म्हणाली. डॉक्टर एकेक नाव घेत गेले. बिस्किट? नाही. शेवया? नाही. कुरडई?
म्हणजे चिकातही गहू राहतो.
रितिकानं माझ्याकडे पाहिलं. नाही, म्हणाली.
मी अंजूला रुमाल दिला.
ऑटोत अंजू डोळे मिटून बसली होती. रितिकानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, आजी, मी बरोबर बोलली नं?
मी हो म्हटलं.