काचेच्या वाडग्यातली फुलं

गुरुवार, संध्याकाळ

वीणाची फुलं गेली. वीणा जाऊन अजून महिनाही झाला नाही. गजऱ्यांतला मोगरा, संत्र्याची साल, थोडा वाळा, सगळं सुकवून तिने वासासाठी टीव्हीशेजारी काचेच्या वाडग्यात ठेवलं होतं. ऐटीत ‘पॉटपुरी’ म्हणायची. चाव्या, बटणं, उरल्यासुरल्या गोळ्यांनी भरलेल्या माझ्या ड्रॉवरलाही पॉटपुरीच म्हणायची, पण ते चिडून.

आज प्रभादेवीहून ताई आली, घर आवरून गेली. वाडगा चक्क घासून ठेवला. विचारलं तर म्हणाली, “अरे, देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकणार? चौपाटीवर निर्माल्याच्या कलशात टाकून आले. नमस्कारपण केला.”

तिने नीटच केलं. मीच आधी सांगायला हवं होतं का? पण असं कोण सांगत बसतं, की ही फुलं देवाची नाहीत, बायकोच्या केसांतली आहेत?

वाडग्यात तिने माझ्या ड्रॉवरमधल्या चाव्या, बटणं भरून ठेवली होती. वीणाच्या बीपीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिपही. ताई गेल्यावर सगळं टेबलावर ओतलं आणि वाडगा नाकाशी धरला.

भांड्यांच्या साबणाचा वास आला. लिंबाचा.