मानाची खुर्ची

नुकुआलोफा,
९ मार्च

चि. फेलेटी,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे चर्चला जाण्याइतका बरा आणि अंगण झाडता न येण्याइतका वाईट. यंदा रताळी पाणचट निघाली. डुकरीण व्याली. त्यातलं एक पिल्लू आईनं तुझ्या होणाऱ्या बाळाच्या नावानं आत्तापासूनच राखून ठेवलंय. विकाला म्हणावं, डब्यातलं खारं मांस कमी खा, पाय सुजतील.

एकाच गावात राहून बहिणीनं पत्र पाठवलं म्हणून तू दचकला असशील. पण तुला मिसरूड फुटलं आणि तू मामाकडे झोपायला जायला लागलास, तेव्हापासून आपण समोरासमोर धड चार वाक्यं बोललो नाही. बहीण आली की भावानं उठून जायचं, हीच आपल्या बेटांवरची रीत. म्हणून हे लिहून विकाच्या हाती देतेय.

गेल्या वर्षी तुझा निरोपही तिच्याच तोंडून आला होता. दारात उभी राहून म्हणाली, "वन्सं, हे म्हणतात, तुमच्या कंपनीत जागा निघालीय. ताईंना सांग, माझा बायोडेटा लिहून द्या. आणि मार्क जरा झाकता आले तर बघा." मी हसत हसत बसले लिहायला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. पण तुझा सगळा चांगुलपणा वर आणला आणि दोन विषय राहिले होते ते अशा बेतानं खाली ठेवले की कुणाचं लक्ष जाऊ नये. माझा स्वतःचा बायोडेटाही मी इतक्या मायेनं लिहिला नव्हता. तुला नोकरी लागली त्या दिवशी मी खरंच खूश होते.

मग कंपनीच्या फिफिता साहेबांनी मला बोलावलं. तुला हे कुणी सांगितलं नसेल.

"लेसिएली, तुम्ही पडलात बहीणभाऊ. एका गाडीतून साइटवर जाणार कसे? तू खोलीत शिरलीस की तो खिडकीतून उडी टाकेल." सगळे हसले, मीही हसले. "तू थोरली, तुझा मान मोठा. चिखलात तो उतरेल. तू वर बस. खुर्ची, पंखा, गार वारा. राणीसारखी राहा."

मी म्हटलं, "साहेब, मी इंजिनीअर आहे. मला चिखलच हवाय."

"अगं, बहिणीला चिखलात उभी करून भावाला घास तरी गिळवेल का?"

यावर आपल्याकडची कुठली बाई काय बोलणार? मान नाकारला तर घराण्याचा अपमान. घरी आल्यावर आईही तेच म्हणाली. "मान मिळतोय ना? आणखी काय पाहिजे तुला?" मला काम पाहिजे होतं, फेलेटी. वावाऊ बेटावरच्या बोटींच्या धक्क्याचं पाणी मी मोजलं होतं, आराखडा मी काढला होता. तो तुला कधी दिला ते मला कळलंसुद्धा नाही, कारण ते पुरुषांच्या बैठकीत, कावाच्या वाडग्याभोवती ठरलं, आणि भाऊ जिथं कावा पितो तिथं बहिणीनं फिरकायचं नसतं.

तू एक वाक्य बोलायला हवं होतंस. 'साहेब, मी नवा आहे, मी वर बसतो.' बस. पण मी जिना उतरले की तू मान खाली घालून भिंतीला चिकटतोस आणि सारं ऑफिस म्हणतं, भाऊ असावा तर असा. मला तुझ्या त्या खाली घातलेल्या मानेचा राग येतो. लिहिलं एकदाचं.

वर बसून मी काय करते, ठाऊक आहे? नवीन मुलांचे बायोडेटा निवडते. साहेबांची सूचना आहे, मुलींचे वेगळे काढायचे. ते वेगळे काढलेले पुढं कुणी वाचत नाही. मागं एकदा चर्चच्या सभागृहात मी मुलींना शिकवलं होतं की बायोडेटात स्वैपाक आणि गायनमंडळ लिहू नका, काय बांधलंत ते लिहा. त्यातल्याच एका हापाई बेटावरच्या मुलीचा अर्ज आला. शाळेची पाण्याची टाकी तिनं बांधली होती, आणि मी शिकवलं होतं तस्संच लिहिलं होतं. मी तो माझ्या हातानं वेगळा काढला. तिचा फोन आला तेव्हा मी गोड आवाजात म्हणाले, "कळवू आम्ही." त्यानंतर मला त्या खुर्चीत बसवेना.

मी नोकरी सोडलीय. दुसरीकडे अर्ज केले. सगळ्यांनी विचारलं, लग्न कधी. शेवटी ऑस्ट्रेलियात टोमॅटोच्या शेतावर माणसं नेणाऱ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पदवी काढून टाका हो. शिकलेली बाई कुरकुरते असं मालकाचं म्हणणं आहे." मी पदवी खोडली. नाव, वय, किती वजन उचलता येतं, शिक्षण बारावी. दुसऱ्याच दिवशी होकार आला. इतक्या लवकर मला कधी कुणी घेतलं नव्हतं. त्या रात्री मी आईला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडले.

कंपनीच्या कामाला चाललेय, असं आईला सांगितलंय. तू खरं सांगू नकोस. गप्प राहणं तुला जमतं.

बाळाचं नाव तुम्ही दोघांनीच ठेवा. आत्याचा मान आहे हे मला कळतं, पण मला आता कुठलाच मान नको. नाव ठेवायला मी नसले तरी नावं ठेवायला सारी आळी आहे.

गुरुवारी विमान आहे. सगळे येतील. रीतीप्रमाणे तू लांब, कुंपणापाशी उभा राहशील. त्या दिवशी मान वर कर आणि माझ्याकडे बघ. बोलू नकोस, फक्त बघ. तेवढंही होणार नसेल तर येऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
लेसिएली
शिक्षण : बारावी