फोनवरचं आमेन

प्रिय एस्तेरताई,
ख्रिस्तात सलाम.

आईच्या कबरीच्या दगडाचा फोटो मिळाला. त्यावर तू कोरून घेतलंस, "प्रभू, माझ्या एस्तेरला जवळ घे."

ताई, चाकणला माझी सेकंड शिफ्ट असली की आई सातला फोनवर प्रार्थना घ्यायची. मला वेळ नसतो म्हणून तिनंच काढलेली वाट. मी आवाज बारीक करून पार्ट तपासत राहायचो. दहा मिनिटांनी "आमेन" म्हटलं की ती खूश.

त्या दिवशीही घड्याळ बघूनच आमेन म्हटलं. पलीकडून काही आलं नाही, म्हणून फोन ठेवला. सकाळी शेजारणीला ती खाटेपाशी गुडघ्यांवरच सापडली.

"शेवटी काय मागितलं रे तिनं?" तू विचारलंस. चर्चबाहेर लग्न केलंस म्हणून अकरा वर्षं ती तुझ्याशी बोलली नव्हती. तुझं तोंड बघून मी दगडावरचं ते वाक्य रचलं. मी काहीच ऐकलं नव्हतं गं. तिनं मला हाक मारली असेल, तर त्यालाही मी आमेन म्हणालो.

हे तुला पाठवणार नाही. त्या वाक्यावरच तू पुन्हा चर्चला जायला लागलीस. आता सातला तू फोन करतेस. मी मशीन बंद करून शब्द न् शब्द ऐकतो. शेवटी तू थांबतेस, आणि माझ्या तोंडून आमेन निघत नाही.

तुला वाटतं, कंपनीत रेंज नसते.

तुझा भाऊ,
योनाथान