बंदरावरचं पार्सल

बाळ मुनीरा,

मस्कतला जाऊन विसरली असशील, म्हणून आठवण करून देते: इथे लामू बेटावर तुला एक आई आहे, डाव्या कानाने बहिरी. उत्तर देत नाहीस म्हणून रागावणार होते, पण आधीची पत्रं माझ्या चटईखालीच पडली आहेत. मी सांगते, तुझा लेक सुदी लिहितो, आणि पोस्टात टाकायला कुणी जात नाही.

पोस्ट बंदरावर, आणि तिथेच बकारी हेरॉइन विकत बसतो. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून सुदीने नशेला हात लावलेला नाही, पण उंबरठाही ओलांडलेला नाही. "आजी, बाहेरून कुलूप लाव," म्हणतो. किल्ली माझ्या गळ्यात, म्हणून मीही दारातच. आता कैदी कोण आणि शिपाई कोण, तूच ठरव.

केंद्रात शिकवली तशी आम्ही 'नको' म्हणायची तालीम करतो. बकारी मी होते.

"ये रे सुदी, एकदाच घे. फुकट देतो."

"नको."

"म्हातारीला कळणारसुद्धा नाही."

काल इथे तो 'नको' म्हणायचं विसरला. मग म्हणाला, "आजी, तू बकारीपेक्षा गोड बोलतेस." मी हसले, पण तालीम तिथेच थांबवली. हे लिहायला तो तयार नव्हता, मी लिहायला लावलं.

आज किल्ली त्याच्याकडे दिली आहे. ती मुठीत धरूनच लिहितोय, अक्षर वाकडं आलं असेल. मला कुठे वाचता येतं?

पत्र मिळालं, तर तो बकारीसमोरून चालत गेला असं समज, आणि हलव्याचा मोठा डबा पाठव. पार्सलवर माझं नाव नको, त्याचं घाल. आणायलाही त्यालाच जावं लागेल.

दारात बसलेली तुझी आई,
म्वानाहावा