ताकदीच्या गोळ्या

गोळीबार चौक, नागपूर
ता. ९ ऑगस्ट १९७७

चि. सौ. प्रेमिला हिस श्रावणचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच. चंपतरावांना सांगितलंस तरी चालेल, पण तुझ्या ताईला यातलं अक्षरही कळता कामा नये. तिच्या बरगडीखाली डावीकडे जड लागत होतं आणि अंगात त्राण राहिलं नव्हतं, त्याचा उलगडा झाला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. सावकाश चालणारा आहे, मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो आणि काही वर्षं चांगली जाऊ शकतात, असं ते म्हणाले.

गोळ्या मात्र साध्या नाहीत. एक सकाळी, एक रात्री. चुकवायची नाही, आणि चुकलीच तर दुसऱ्या दिवशी जास्तीची घेऊन भरून काढायची नाही. तोडायची-कुटायची नाही, अख्खी गिळायची, मग हात धुवायचे. घरातल्या दुसऱ्या कोणी तोंडात घालायची नाही. पंधरवड्याला रक्त तपासल्याशिवाय पुढच्या गोळ्या मिळत नाहीत, कारण त्या रोगाबरोबर चांगलं रक्तही खातात. ताप आला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. हे सगळं डॉक्टरांनी मला तिला समजावून सांगायला सांगितलं होतं.

मला ते जमलं नाही. बाटलीवरचा कागद पाण्यात भिजवून काढला आणि तिला म्हणालो, तुझं रक्त कमी झालं, ह्या ताकदीच्या गोळ्या हायेत. क्षय झाल्याचं कळलं त्या दिवसापासून तुमच्या बाबांनी ताट दूर सारलं आणि उपाशीच गेले, हे तूच मला सांगितलं होतंस. कौसल्या त्यांचीच मुलगी आहे. म्हणून तुझ्याही पत्रातून तिला काही जाणवू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

पोरांना गोड पापा. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुझा
श्रावण भाऊजी

*

नागपूर
ता. २ ऑक्टोबर १९७७

चि. सौ. प्रेमिला हिस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. विषमज्वरानं तुला पुरतं पिळून काढलेलं दिसतं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि फणीत मूठभर केस येतात, हे वाचून जेवण गेलं नाही. त्यात चंपतराव स्वयंपाक करतात म्हणे! त्यांनी वरणात भिवापूरच्या मिरच्या अख्ख्या सोडल्या हे वाचून मात्र मी एवढी हसले, की शेजारची गोपिका काय झालं म्हणून बघायला आली. जावई मास्तर आहेत, पोरांना शिकवू देत, चुलीला नको.

माझं म्हणशील तर मी आता ठणठणीत आहे. डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या खरंच गुणाच्या आहेत. बरगडीखालचं जडपण गेलं, जिना चढताना दम लागत नाही, परवा बर्डीवर जाऊन चालत चालत खरेदी केली. मी गोळी घेते तेव्हा तुझे भाऊजी टक लावून बघतात. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही एवढं बघितलं नव्हतं.

तर आता ऐक. मला एवढं बरं वाटतंय, तर दोन-दोन गोळ्यांची चैन कशाला? गेले काही दिवस रात्रीची गोळी मी बाजूला ठेवते. त्या गोळ्यांची पुडी तुमच्या गावच्या भैयाजींबरोबर पाठवली आहे. ते मिरची विकायला आले होते, चहा पिऊन गेले. रोज एक घे, वर कपभर दूध पी. यांना सांगू नको, ते उगाच कावतील. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तेव्हापासून माझ्या ताटातलं अर्धं तुझंच आहे, त्यात गोळी काय जड आहे?

जीव जपून राहा आणि ताईला विसरू नको.

तुझी
ताई

*

भिवापूर
ता. ७ ऑक्टोबर १९७७

ती. भाऊजींस प्रेमिलाचा शि. सा. नमस्कार.

ताईनं काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही. ती रात्रीची गोळी घेतच नाही. माझ्यासाठी साठवते. पुडी आत्ता माझ्यासमोर आहे. भैयाजींनी ती माझ्या हातावर ठेवली. बरं झालं मीच घरी होते, धाकट्याच्या हाती पडली असती तर काय झालं असतं? पुडी फळीवर, डब्यात ठेवली आहे, कोणाचा हात पोचणार नाही.

भाऊजी, आता तिला सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी येते आणि सांगते. ती काही बाबा नाही. औषध काय आहे हे कळलं असतं तर तिनं एक गोळी इकडची तिकडे केली नसती. ती मायेपोटी स्वतःचं नुकसान करते आहे आणि आपण दोघं ते बघतो आहोत. उलट टपाली उत्तर द्या.

आपली
प्रेमिला

*

नागपूर
ता. ११ ऑक्टोबर १९७७

चि. सौ. प्रेमिला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिलमध्ये बसून वाचलं. बाटली आता माझ्या पेटीत कुलपात आहे. मी स्वतःच्या हातानं गोळी देईन. रात्रपाळी असेल तेव्हा त्या रात्रीची तेवढी काढून ठेवीन. डॉक्टरांना मात्र सांगण्याचा धीर झाला नाही.

तिला सांगू नकोस. काल ती अंगणात पापड वाळत घालत होती आणि गोपिकेशी भांडत होती. कितीतरी महिन्यांनी भांडली. ते माझ्याच्यानं हिसकावून घेववत नाही. तू एवढंच कर. गोळ्या पोचल्या, घेतल्या, बरं वाटलं, आता नको, असं लिही. तिचं समाधान होईल आणि विषय मिटेल. पाया पडतो म्हण हवं तर.

श्रावण

*

भिवापूर
ता. १५ ऑक्टोबर १९७७

ती. ताईस प्रेमिलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझी पुडी मिळाली. काय गोळ्या आहेत गं! चारच दिवसांत तोंडाला चव आली, अंधारी येत नाही, केस गळायचेही थांबले. हे म्हणाले, तुह्या बहिणीनं तुले पुन्हा उभं केलं. आता मला अगदी पुरे. यापुढे पाठवू नको, तुझ्या तू घे, दोन्ही वेळच्या घे. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच करावं, त्यांना काही तरी कळतंच ना!

दिवाळीला यायचं बघते, पण यांच्या शाळेचं काही सांगता येत नाही. मिरचीची दोन पोती ओसरीवर पडली आहेत आणि सगळं घर शिंकतं आहे. तुझ्या आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी
प्रेमा

*

नागपूर
ता. २० नोव्हेंबर १९७७

चि. सौ. प्रेमा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळी गेली आणि तू आली नाहीस. अनारसे करून ठेवले होते, ते गोपिकेच्या पोरांनी संपवले. लुगड्यावरून मी मागे काही बोलले होते, ते मनात धरलंस का? तसं असेल तर भांडायला तरी ये.

तुझं पत्र मात्र मी दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. केस गळायचे थांबले हे वाचून माझंच डोकं हलकं झालं. आणि नको म्हणतेस ते मला माहीत आहे. तू जेवतानाही ताटावर आडवा हात धरतेस आणि बोटांत फट ठेवतेस. म्हणून दुसरी पुडी पाठवते आहे. तुझ्या भाऊजींनी बाटली कुलपात घातली आहे, पण रात्रपाळीच्या दिवशीची गोळी माझ्याच हाती असते, ती तुझी.

मला मधे ताप आला होता. काढा घेतला आणि पडून राहिले, गेला. बरगडीखाली पुन्हा थोडं जड वाटतं, पण ते दिवाळीच्या तळणामुळे असेल. तू काळजी करू नको. वाट पाहते.

ताई

*

नागपूर
ता. १८ डिसेंबर १९७७

प्रेमिला,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

परवा रक्त तपासायला गेलो होतो. पांढऱ्या पेशी पुन्हा फार वाढल्या म्हणून डॉक्टरांनी यांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर होते. शेजारी उमरेडच्या यमुताई म्हणून एक बाई बसल्या होत्या, आपल्यातल्याच, त्यांच्याही घरी आपल्यासारखा हातमाग होता. त्यांच्या हातात माझ्यासारखीच बाटली होती, फक्त तिच्यावर कागद होता. त्यांनी सहज विचारलं, तुमाले हा रक्ताचा कॅन्सर कवापासून हाय वं बाई? मी म्हणाले, मले काहून कॅन्सर होईन, मह्या तर ताकदीच्या गोळ्या हायेत. त्यांनी माझ्या गोळ्या विचारल्या, कशा दिसतात, किती वेळा घेता, पंधरवड्याला रक्त काढतात का. मी सगळं सांगितलं.  मग त्या नुसत्या माझा हात धरून बसल्या.

हे बाहेर आले तसं मी विचारलं. हे भिंतीकडे बघून म्हणाले, कोणं सांगितलं तुले? नाही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, प्रेमिलालेही माहीत हाय. आपण एकटेच खोटं बोललो नाही, हे सांगून यांना बरं वाटलं असेल.

मी तशीच आत गेले आणि गोळ्या कुठे गेल्या ते डॉक्टरांना मीच सांगितलं. ते यांच्यावर एवढे ओरडले, की बाहेरची माणसं डोकावली. गोळी लागू पडेनाशी झाली, असं समजून ते त्याच दिवसापासून दुसरं जहाल औषध सुरू करणार होते. गोळी लागू पडत होती. ती तुझ्या फळीवर होती.

तो ताप आठवतो? तापात तसंच धावत दवाखान्यात यायचं असतं म्हणे. ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? मी काढा पीत बसले.

यांचं मी समजू शकते. मुळात भित्रा माणूस आहे, विंचू दिसला तरी मला हाक मारतो. पण तू? तुला मी कडेवर घेऊन वाढवलं. तुला सगळं माहीत होतं, पुडी हातात होती, आणि तू मला लिहिलंस की केस गळायचे थांबले. एवढं सजवून लिहायची काय गरज होती? मी ते पत्र देवापुढे ठेवलं, गं. त्या आनंदात मी पुढच्या गोळ्या वगळल्या. मी माझं आयुष्य पुडीत बांधून तुला पाठवत होते आणि तू पोच देत होतीस.

आणि दिवाळीला आली नाहीस. मी लुगड्याचं कारण शोधत बसले. माझे दिवस मोजके आहेत हे सगळ्यांना माहीत, फक्त ज्याचे आहेत त्याला नाही! मला माहीत असतं तर मी अनारसे बांधून, एस.टी.त बसून, मीच तुझ्याकडे आले असते.

तुझ्यावर लोभ आहे की नाही ते मलाच आज सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

कौसल्या

*

भिवापूर
ता. २२ डिसेंबर १९७७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

भाऊजींनी शपथ घातली होती असं लिहून मी सुटणार नाही. त्यांनी बरं वाटलं एवढंच लिहायला सांगितलं होतं. केसांचं मी मनानं लिहिलं. तू हसावीस असं वाटलं, दुसरं काही नाही. दुसरी पुडी आली तेव्हा रात्रभर रडले आणि सकाळी भाऊजींना मिलच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, पण तुला लिहायची छाती झाली नाही. दिवाळीला आले नाही ते याचसाठी. तुझ्यासमोर बसून अनारसा माझ्या घशाखाली उतरला नसता.

दोन्ही पुड्या तशाच आहेत, एकही गोळी कमी नाही. त्यांचं काय करू ते सांग. तू म्हणशील तर येते, तू म्हणशील तर जन्मात तोंड दाखवत नाही. फक्त उत्तर दे.

प्रेमिला

*

नागपूर
ता. २७ डिसेंबर १९७७

प्रेमिला,

गोळ्या फेकू नको, विहिरीत नाही, उकिरड्यावर नाही, चुलीत नाही. हात न लावता पुडीसकट दवाखान्यात परत द्यायच्या आहेत. मी डॉक्टरांना विचारून घेतलं. आता सगळं मीच विचारते. बाटली माझ्या उशाशी असते आणि तिच्यावर नवीन कागद मी स्वतः चिकटवून घेतला आहे. दोन्ही वेळची गोळी वेळेवर घेते. मागच्या चुकल्या त्या गेल्या, त्या भरून निघत नाहीत. तुझे भाऊजी दारात उभे राहून बघतात. मी अजून त्यांच्याशी बोलत नाही. त्यांना भूक लागली की ताट वाढते, एवढंच. आणि मी स्वतःही दोन वेळा जेवते. बाबांनी केलं ते मी केलं नाही. तुम्ही मला ओळखलंच नाही, याचा राग रोगाच्या भीतीपेक्षा मोठा आहे.

माफीचं विचारू नको. आज नाही. उद्याचंही सांगत नाही.

पण पत्र लिहू नको, तू ये. पत्रात तुला खोटं फार छान लिहिता येतं. समोर येत नाही, लहानपणापासून तुझे कान लाल होतात. इथे सगळे नुसतं “ते” म्हणतात. हे म्हणतात, गोपिका म्हणते, डॉक्टरसुद्धा माझ्याकडे बघत बोलता बोलता इंग्रजीत शिरतात. ज्या बाईनं मला ते नाव सांगितलं ती परकी होती. तू ये, माझ्यासमोर पाटावर बस, माझ्याकडे बघ आणि म्हण, ताई, तुला कॅन्सर आहे. माझ्या माणसांपैकी एकानं तरी ते मला सांगायला पाहिजे. मग रडायचं असेल तर आपण दोघी मिळून रडू.

ताई